खानबाजींचं पोट

१९ बहमन

करामत हंड्याच्या झाकणाभोवती ओली कणीक लिंपत होता, वाफ निसटू नये म्हणून, आणि मी पुदिन्याच्या जुड्या सोडून पिवळी पानं निवडत होते. मग मी हौदातलं पाणी बदललं, चुलीत बदामाचं लाकूड सारलं, अंगण झाडलं, कोंबड्यांना काकडीच्या साली टाकल्या. वाफ नळीतून थंड पाण्याखालून गेली आणि पलीकडच्या सुरईत अर्काचा पहिला थेंब पडला. करामत म्हणाला, "चहा टाक." मी टाकला. त्या सकाळी एवढंच झालं.

आज शिराझच्या इस्पितळात डॉक्टरांनी कागदावर एक लांब नळी काढली आणि मला ती सकाळ जशीच्या तशी आठवली. माझा नवरा करामत जाऊन हा दुसरा हिवाळा. मोठ्या दिवसांचं काही वाटत नाही, ते कसेही निभावतात. अशा साध्या सकाळीच अचानक समोर येऊन उभ्या राहतात.

नळी खानबाजींच्या आतड्याची होती. खानबाजी म्हणजे करामतची थोरली बहीण, इफ्फत. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, लग्न केलं नाही. आमचं सगळं मैमंद गाव त्यांना खानबाजी म्हणतं, मीही म्हणते. त्यांच्या मोठ्या आतड्याला जागोजागी फुगे आले होते, त्यातला एक फुटला. डॉक्टरांनी खराब तुकडा काढून दोन्ही टोकं शिवली. शिवण सुकेपर्यंत तिच्यावरून काही जाऊ नये म्हणून लहान आतडं पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून ठेवलंय. जे काही पडायचं ते तिथे लावलेल्या पिशवीत पडतं.

"वसंत संपताना परत आत जोडू," डॉक्टर म्हणाले. "पण अंगावर मांस चढलं पाहिजे. अशा वाळलेल्या शरीरावर मी पुन्हा सुरी धरणार नाही. मग पिशवी राहील."

खानबाजी भिंतीकडे बघत होत्या. त्यांनी जेवण जवळजवळ सोडलंच आहे. मला कारण हळूच सांगितलं, "आत जाणार नाही ते बाहेरही येणार नाही."

त्यांना माझ्या घरी नेते आहे. दुसरं कोण आहे त्यांना? आणि मला तरी.

२३ बहमन

घरी आणलं. दुपारी कोंबडीच्या पाण्यात मऊ भात शिजवला, वर दही.

"भूक नाही."

"दोन घास, खानबाजी."

"तू जेवलीस, तूबा?"

"मी मागाहून घेईन."

"मागाहून म्हणजे ओट्यापाशी उभ्याने, शिळा नान आणि थंड चहा. मला काय दिसत नाही? माझ्या पोटाला भोक पडलंय, डोळ्यांना नाही. ताट वाढून समोर बस. तू एक घास, मी एक घास. नाहीतर झाकून ठेव सगळं."

इतकी हट्टी बाई जन्मात पाहिली नाही. करामतचा हट्ट कुठून आला ते आता कळलं. मला भूक मुळीच नव्हती, पण त्यांनी खावं म्हणून बसले. मी घास घेतला की त्या घ्यायच्या, मी थांबले की चमचा खाली. त्यांच्यापायी मला अख्खं ताट संपवावं लागलं.

२ इस्फंद

पिशवी त्या दार लावून बदलायच्या. आज बराच वेळ आवाज नाही म्हणून मी दार ढकललं. चिकटपट्टी सुटली होती, कपडे भरले होते, आणि ज्या बाईसमोर अख्खी शाळा चळचळा कापायची ती न्हाणीघराच्या पाटावर बसून रडत होती.

मी कोमट पाणी आणलं.

"किळस नाही येत तुला?"

"हंड्याच्या बुडचा चोथा हातांनी काढते मी. तुमच्या भावाने तेच तर शिकवलं."

"मला अर्काच्या चोथ्यात मोजतेस?"

"पुदिन्याच्या. भारीतल्या."

हसल्या. मग आम्ही दोघींनी पहिल्यांदा ते नीट पाहिलं. आतड्याचं लाल, ओलं तोंड, ओठ मुडपल्यासारखं. आपोआप आकसत होतं, सैल पडत होतं. त्याला कुणी हुकूम देत नाही, ते थांबतही नाही. खानबाजी ऑपरेशनच्या टेबलावर निपचित पडल्या होत्या तेव्हाही त्यांच्या आत बरंच काही चाललेलं असणार. मला एकदम कुणाचे तरी आभार मानावेसे वाटले. मानले.

९ इस्फंद

मी शाळेत फार गेले नाही. अर्काच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावता लावता वाचायला शिकले. पुदिना, कासनी, बडीशेप. पुढे वाचनालयात मिळेल ते वाचत गेले. सध्या शरीरावरचं एक जाड पुस्तक आणलंय, रोज थोडं वाचते आणि खानबाजींना सांगते. त्या चुका काढतात, म्हणजे त्यांचा वेळ बरा जातो.

पचन तोंडात सुरू होतं हे मला माहीतच नव्हतं. नानचा तुकडा बराच वेळ चावला की गोड लागतो, ती लाळेची करामत. (हा शब्द लिहिला आणि थांबले. लाळेचं काम, असं म्हणू.) गिळलेला घास नुसता खाली पडत नाही, अन्ननळी लाटेसारखी त्याला पुढे ढकलते. जठर त्याला आंबट रसात घुसळतं आणि थोडं थोडं करून लहान आतड्याकडे सोडतं. लहान आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, खरं अन्न तीच शोषते. मोठं आतडं उरल्यासुरल्यातलं पाणी परत पिऊन घेतं.

खानबाजींचं अन्न मोठ्या आतड्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून त्यांचं पाणी आणि मीठ वाहून जातं. म्हणून जीभ कोरडी, पायांत गोळे. आता दिवसभर थोडं थोडं खारं ताक देते. पायांतले गोळे गेले.

गावभर लोक पोटासाठी आमचे अर्क नेतात. करामत एकेकाला हजार गुण सांगायचा. तो असता तर त्याला म्हटलं असतं, अरे, आत काय आहे ते तरी बघ आधी.

१८ इस्फंद

दिवसांची घडी बसली आहे. थोडं थोडं पण वेळेवर खायचं. चावून, घाई नाही. जेवताना वाद नाही (हा नियम खानबाजींचा, मोडतात पण त्याच). जेवण झालं की अंगणात फेऱ्या, मी धरून. त्यांचे गाल किंचित भरले आहेत. माझा तपकिरी घागरा कमरेत घट्ट व्हायला लागलाय. गरम पाण्यात धुतला म्हणून आटला असावा.

नर्सने सांगितलेल्या वर्ज्य गोष्टी पाठ केल्या आहेत: सुकामेवा, बिया, साली, डाळिंबाचे दाणे. बाहेर काढलेल्या आतड्याचं तोंड अरुंद असतं, तिथे अडकतं.

पिशवीचं गावात कुणाला सांगायचं नाही. "पोटाचं ऑपरेशन, झालं बरं," एवढंच. खानबाजींनी मला शपथ घातली आहे.

३ फर्वर्दीन

नवरोजचा तिसरा दिवस. पहिले दोन दिवस गाव खानबाजींना भेटून गेलं. ते बरं होतं, वाढणाऱ्या आम्ही होतो. आज परतभेट. शेजारच्या मलूकखानमकडे न जाऊन चालणारच नव्हतं, ती आणि तिचा नवरा बरातअली आमच्याकडे सगळ्यांत आधी आले होते.

मलूकखानमने ताटलीत पिस्ते, सुकी तुती आणि अंजिरं रचली.

"हात दुखू नयेत तुझे, मलूक, पण आत्ताच जेवून आलोय," खानबाजी म्हणाल्या.

"दोन दाणे. सणाचं तोंड गोड करायला नको?"

"खरंच नको."

"माझ्या घरचं गोड लागत नाही का? की मुख्याध्यापिकाबाईंना आमची ताटली लहान पडते?"

आपल्याकडे पहिला नकार हा नकार नसतो, दुसरा मानभावीपणा असतो आणि तिसऱ्याला यजमानीण रुसते. नकाराला कारण हवं, आणि कारण सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, "त्यांना जरा जड होतं." मलूकखानम म्हणाली, "म्हणूनच अंजीर! पोट साफ!" आणि दोन अंजिरं खानबाजींच्या हातात कोंबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी धाकटी, मी त्यांच्या हातातून कशी काढून घेणार? त्यांनी खाल्ली. वर पिस्ते. मलूकखानमचं मन राहिलं.

५ फर्वर्दीन

काल सकाळपासून पिशवी कोरडी होती. दुपारपर्यंत पोट घागरीसारखं टणक झालं, कळा सुरू झाल्या, मग उलट्या. माझ्या हाताने सवयीने गरम पाण्यात खडीसाखर टाकली. आपल्याकडे डोकं दुखो, पोट दुखो, मन दुखो, खडीसाखरेचं पाणी. ते तसंच उलटून पडलं. नर्सला फोन केला. ती म्हणाली काही खायला देऊ नका, गुडघे पोटाशी घेऊन निजवा, पिशवीभोवती हलक्या हाताने चोळा, आणि उलट्या होताहेत म्हणजे वाट बघू नका, निघा.

शेजारी गाडी फक्त बरातअलीची. मी त्यांचं दार वाजवलं. मलूकखानमही चपला न घालताच गाडीत बसली. खानबाजींचं डोकं तिच्या मांडीवर, पाय माझ्या. मी चोळायला कपडा सारला आणि तिला पिशवी दिसली.

तिला सगळं समजायला वेळ लागला नाही. "माझी अंजिरं!" तिने कपाळ बडवून घेतलं. "मीच मारते आहे या बाईला! सांगितलं का नाहीत? माझ्या थोबाडीत का नाही मारलीत?"

"ओरडू नकोस," खानबाजी दातांमधून म्हणाल्या. "अंजिरं चांगली होती."

"देवा, ह्या मरतानाही शिष्टाचार पाळताहेत!"

शिराझच्या अलीकडे रस्ता खोदलेला आहे. बरातअलीने एक खड्डा चुकवला तो दुसऱ्यात गेला. गाडी आदळली, खानबाजी किंचाळल्या, आणि माझ्या हाताखाली काहीतरी सैल पडलं. मग पिशवी भरायला लागली. भरतच गेली. गाडीत वास सुटला. बरातअलीने आरशात बघितलं नाही, काही विचारलं नाही. त्याने हळूच सगळ्या काचा खाली केल्या आणि म्हणाला, "शहर आलंच. नारंगीचा बहार आहे सध्या, हवा घ्या."

आणि खरंच, सगळं शिराझ नारंगीच्या फुलांनी घमघमत होतं. आम्ही तिघी रडत होतो की हसत होतो, सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं. धोका टळला. पण वजन पाहून मान हलवली. कमावलेलं बरंचसं एका दिवसात गेलं. "असं पुन्हा झालं तर जोडायचं विसरा," म्हणाले.

१४ फर्वर्दीन

काल सणाचा तेरावा दिवस, सगळा गाव ओढ्याकाठी. खानबाजी येणार नव्हत्या. मग स्वतःच डोक्यावरून चादर घेऊन दारात उभ्या राहिल्या.

अक्रोडाखाली सतरंज्या पडल्या. मोठ्या पातेल्यात पाला, कडधान्य आणि शेवयांची आश, आमचं सणाचं दाट सूप, रटरटत होती. मलूकखानमने वाडगी भरली, खानबाजींपर्यंत आणली, जीभ चावली आणि मागे घेतली. बायकांनी बघितलं.

"का हो खानबाजी, आमची आश नको? रुसलात?"

"घ्या हो, एक पळी!"

"आमच्या जिवाची शपथ!"

तीन बाजूंनी तीन पळ्या पुढे आल्या. मलूकखानम पातेल्यापुढे हात पसरून उभी राहिली, जणू कुणी चोरायला आलंय. मी काहीतरी बोलणार एवढ्यात खानबाजी ताठ बसल्या.

"मुलींनो, पळ्या खाली."

पळ्या खाली गेल्या. तिथली प्रत्येक बाई त्यांच्या शाळेत शिकलेली.

"माझ्या पोटावर पिशवी आहे. आतडं बाहेर काढलंय. कडधान्य खाल्लं तर मी मरेन, आणि तुमचं मन राखायला मी मरणार नाही. एकदा मरता मरता राहिले. तूबाने मऊ भात आणलाय, मी तो खाणार आहे. काही विचारायचंय?"

मग कुणीतरी चाचरत विचारलं, "पण झालं कशाने, खानबाजी?"

"कळ दाबून. मुख्याध्यापिका मुलींच्या रांगेत कशी उभी राहणार? म्हणून जायचं नाही. जावं लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही. डबा दोन तासांच्या मध्ये उभ्याने गिळायचा. आतड्याने वर्षानुवर्षं ऐकून घेतलं, मग एक दिवस राजीनामा दिला. डॉक्टर म्हणतात प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. पण माझं झालं."

एक बाई खाली बघत म्हणाली, "मला आठवड्यातून दोनदाच होते."

"मला सासूबाई दाराशी उभ्या असल्या की होतच नाही," दुसरी म्हणाली, आणि सासूबाई तिथेच होत्या. "मग मी काय रोज मशिदीत जाऊन बसू?" त्या फणकारल्या. हशा पिकला. मग काय, बांध फुटला. जिला तिला पोट आठवलं. जळजळ, गुबारा, मूळव्याध. खानबाजी एकेकीला विचारत होत्या. पाणी किती पितेस? जेवताना बसतेस का? चालतेस का? रक्त पडतं? मग इथे काय बसलीस, उद्या डॉक्टरकडे जा.

पुरुषांच्या सतरंजीवरून बरातअली ओरडला, "खानबाजी, जेवल्या जेवल्या आडवं व्हावं का?"

"तू आत्ता आडवाच आहेस, बरातअली. ऊठ आणि ओढ्याचं पाणी आण."

तो उठला.

२ उर्दीबेहेश्त

आता आमच्या दारात रोज काही ना काही येतं. सोललेला शिजवलेला बटाटा, गाळलेलं सूप, कुणाच्या शेळीचं दही. सोबत निरोप, "सालं काढलीत, बिया नाहीत, खानबाजींना आग्रह नाही." आग्रह नाही, असा निरोप मैमंदमध्ये याआधी कुणी धाडला नसेल.

जेवणं मात्र समोरासमोरच. मी म्हटलं, आता एवढ्या बायका येतात, कुणीही बसेल तुमच्यासमोर. "मला तुझंच तोंड लागतं," म्हणाल्या. "वाईट असलं तरी सवयीचं आहे." मला नवा घागरा शिवावा लागला. जुना फारच आटला.

२० उर्दीबेहेश्त

पुदिना वाढलाय. करामतच्या कबरीवर पाणी घालून आले. त्याच्याशी बोलले. खानबाजींचं वजन, मलूकखानमची अंजिरं, सगळं सांगितलं. पूर्वी तिथून येताना रिकामं रिकामं वाटायचं. दुःख तेवढंच आहे, पण येताना वाटेत चक्क भूक लागली.

खानबाजींचं वजन पाहून डॉक्टर म्हणाले, चालेल. खुर्दादच्या सुरुवातीला या.

६ खुर्दाद

इस्पितळ. परवा ऑपरेशन झालं. आतडं आत गेलं. आता सगळं एका गोष्टीवर अडलंय. वारा सरला पाहिजे. तो सरला म्हणजे आतडं जागं झालं, शिवण धरली. नाही सरला तर पुन्हा पोट उघडायची वेळ येऊ शकते. तोवर नुसते पाण्याचे घोट.

नर्स दर खेपेला दारातून विचारते, "सरला का?" मलूकखानमचा फोन, "सरला का?" बरातअली तिच्या मागून, "काय म्हणतात?" अख्खं मैमंद एका वाऱ्याची वाट बघतंय. खानबाजी डोळे मिटून म्हणाल्या, "आयुष्यभर जो दाबला, त्याला आता हात जोडून बोलवतेय. येत नाही मेला."

त्यांना धरून व्हरांड्यात चालवते. नर्सने सांगितलंय, चाललं की आतडं लवकर उठतं. आम्ही हळूहळू चालतो. मला भीती वाटते, ती इथे लिहून ठेवते, त्यांना दाखवत नाही.

शेजारच्या खाटेवर फसा गावाहून आलेली एक बाई आहे, आफाक. कालच पिशवी लागली. भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. जेवणाचा ट्रे जसा येतो तसा जातो.

७ खुर्दाद

सकाळी खानबाजींची नमाज झाली, त्या उशीला टेकल्या, आणि झालं. ऐकू येईल इतपत झालं.

त्यांनी डोळे मोठे केले. "तूबा. ऐकलंस?"

"ऐकलं."

"नक्की?"

"समोरच्या खोलीनेही ऐकलं असेल."

नर्स धावत आली आणि तिने टाळ्या वाजवल्या. खाटांवरच्या सगळ्या बायका "मुबारक, मुबारक" म्हणायला लागल्या. मी मलूकखानमला फोन लावला आणि नुसतं तिचं नाव घेतलं. तीच पलीकडून ओरडली, "सरला! बरातअली, सरला!" मी खाटेच्या कडेवर डोकं टेकून रडले. खानबाजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडतेस काय, वेडे. एवढ्याला का कुणी रडतं?" आणि चादरीच्या टोकाने स्वतःचे डोळे पुसले.

दुपारी त्यांना गाळलेलं सूप मिळालं. मी सवयीने समोर बसले. त्यांनी दोन चमचे घेतले आणि आफाकच्या खाटेकडे बघितलं. तिचा ट्रे तसाच परत चालला होता.

"माझं होईल आता," खानबाजी म्हणाल्या. "तिच्यासमोर कुणी बसत नाही."

९ खुर्दाद

काल मी नर्सकडून सुपाच्या दोन वाट्या मागून घेतल्या, आफाकच्या खाटेपाशी खुर्ची ओढली, आणि पहिला चमचा मी घेतला.